राक्षसानं खाल्लेलं बटण

गणिताची भीती कुठलंही मूल जन्माला येताना घेऊन येत नाही. ती आपण मोठी माणसं त्याच्या मनात भरतो. हे वाक्य माझं आहे. शाळेच्या पालकसभेत मी ते उभं राहून म्हटलं. मागच्या बाकावरच्या एका आईनं मान डोलावली. ती डुलक्या काढत होती, हे मला नंतर कळलं. पण तोवर पहिलीच्या बाईंनी वाक्य झेललं होतं.

"वा! मग गणित-वाचनाचे उपक्रम तुम्हीच घरी करून बघा ना. पुढच्या सभेत बाकीच्या पालकांना अनुभव सांगा!"

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. सकाळी पहिल्या तासाला, अर्धवट झोपेतल्या पोरांना. त्यामानानं पहिलीतली एक टक्क जागी मुलगी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ होता.

सुरुवात वाचनानं केली. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. दार, आरसा, नळ, पलंग. संध्याकाळी बायको ऑफिसातून आली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "फ्रिजवर 'थंड कपाट' का लिहिलंय?"

"पोरीला अजून जोडाक्षरं यायचीत."

"आणि माझ्या पर्सवर 'आईची पिशवी'?"

"तेही त्यातच आलं."

बायको हिशेब तपासनीस आहे. लोकांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळतो. घरी हेच काम ती हौसेनं करते. त्यामुळे गणिताचा उपक्रम मी ती घरात नसतानाच करायचा ठरवला. शनिवारी तिला बाहेरगावच्या एका कचेरीत तपासणीला जायचं होतं. चपला घालता घालता ती म्हणाली, "काय शिकवायचं ते शिकव. फक्त पोरीच्या तोंडाकडे लक्ष ठेव."

हे सांगायला कारण होतं. आमच्या लेकीला सगळे खारूताई म्हणतात. तिचे गाल हे गाल नसून कप्पे आहेत. पेन्सिलीचं टोपण, खोडरबराचा तुकडा, एकदा तर बाहुलीचा बूट! काही हरवलं की आधी तिच्या गालात बघायचं आणि मग पलंगाखाली, अशी आमच्या घरची रीतच पडून गेली आहे.

अशा मुलीपुढे मी बटणांचा डबा ओतला.

डबा माझ्या ताईकडून आणला होता. तिचं शिवणाचं दुकान आहे. "ताई, शंभर बटणं दे, खारूताईला मोजायला," असं मी फोनवर सांगितलं आणि जाता जाता डबा उचलून आणला. लाल, निळी, पांढरी, प्लॅस्टिकची, चिमुकली बटणं. गिळायला अगदी सोयीची, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

वाचन आणि गणित एकाच दगडात मारायचं म्हणून मी चिठ्ठ्या तयार केल्या होत्या. खारूताईनं अक्षरांखाली बोट सरकवत पहिली चिठ्ठी वाचली. "रा-क्ष-साला भूक ला-गली. राक्षस दहा बटणं खा-तो. आता किती उरली?"

"राक्षस कोण होणार?" मी विचारलं.

"मी!" असं म्हणून तिनं जी डरकाळी फोडली, तिच्यासरशी वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिनं दहा बटणं ओंजळीत घेतली, तोंडाशी नेली, "हॅम हॅम हॅम" केलं आणि फ्रॉकच्या घोळात टाकली. उरलेली न मोजताच म्हणाली, नव्वद! मी टाळ्या वाजवल्या. राक्षसाला सात वेळा भूक लागली. वजाबाकीची भीती घरात औषधालाही उरली नाही. पुढच्या सभेतलं माझं भाषण मला ऐकू यायला लागलं होतं.

"आता सगळी बाहेर काढ आणि दहा-दहाचे ढीग लाव. बरोब्बर दहा ढीग झाले पाहिजेत."

तिनं ढीग लावले. नऊ भरलेले. दहाव्यात नऊच बटणं.

"बाबा, एक कमी आहे."

"शंभर आहेत. नीट मोज."

तिनं मोजलं. "एक कमी आहे."

"अगं, लक्ष देऊन मोज ना. शंभर आलेच पाहिजेत."

तिनं तिसऱ्यांदा मोजलं. मग ढिगाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाली, "राक्षसानं खाल्लं."

मी हसलो. "ते खोटं खोटं खाल्लं. खरं कुठंय?"

"खरं खरं खाल्लं."

राक्षसानं बटण खाल्लं आहे. खारूताई राक्षस आहे. म्हणून – इथे मी थांबलो. इतकी वर्षं फळ्यावर निष्कर्ष काढतोय, पण निष्कर्षानं मला कधी जागेवरून उठवलं नव्हतं!

"तोंड उघड! आ कर! जीभ वर!"

दोन्ही कप्पे रिकामे. याआधी ते रिकामे सापडले की मला आनंद व्हायचा.

"गिळलंस?"

"राक्षस चावत नाहीत," ती म्हणाली.

"कुठलं होतं?"

तिनं क्षणभर विचार केला. "निळं."

रंगसुद्धा सांगितला! आता शंकेला जागा उरली नाही. मी सतरंजी झटकली, पलंग ओढला, फ्रॉक उलटा केला, स्वतःचे खिसे चाचपले. बटणं पुन्हा मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. एक कमीच. माझी धावपळ ऐकून वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या.

"काय रे, काय पडलं?"

"बटण गिळलंय काकू, हिनं!"

काकूंनी दाराची चौकट धरली. "अगं बाई! माझ्या जावेच्या भाच्यानं असंच नाणं गिळलं होतं."

"मग?"

"मग काय!" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सुस्कारा टाकला.

काकूंची प्रत्येक गोष्ट 'मग काय' इथे संपते. पुढचं ज्यानं त्यानं आपापल्या कुवतीनुसार घाबरून पूर्ण करायचं. मी तीन प्रकारांनी पूर्ण केली. तिन्हीत तो भाचा वाचला नाही.

"केळं दे तिला. नाहीतर नको देऊ, वर ढकललं जाईल. पाठीत थोपट. थांब, थोपटू नकोस, सरकेल! आण ती बटणं, मी मोजते. तुम्हा पुरुषांना मोजता येत नाही."

काकूंच्या मोजणीत एकशे दोन भरली. मी त्यांच्या पाया पडायच्या बेतात होतो. त्यांनी खात्रीसाठी पुन्हा मोजली, तेव्हा सत्त्याण्णव भरली. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे रे पुढच्या आठवड्यात," त्या शांतपणे म्हणाल्या.

आणि त्याच वेळी खारूताईला उचकी लागली.

साधी उचकी. रोज लागते. पण त्या उचकीसरशी काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे पाहिलं, आणि पुढच्या क्षणी मी पोरीला खांद्यावर टाकून जिना उतरत होतो. दुसऱ्या हातात बटणांचा डबा होता. डॉक्टरांना नमुना दाखवावा लागेल, एवढी अक्कल शाबूत होती. पायांत एक माझी चप्पल होती आणि एक बायकोची, हे मात्र दवाखान्यात पोचल्यावर समजलं.

गाडीत मागच्या सीटवरून दर दोन क्षणांनी "हिक्" यायचं. ते आलं की माझं काळीज गळ्याशी यायचं. ते आलं नाही की त्याहून वर यायचं. सिग्नल तांबडा झाला. इतका तांबडा सिग्नल मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. बायको!

"तपासणी लवकर आटपली, मी पोचतेच आहे. काय चाललंय?"

"काही नाही. वजाबाकी," मी म्हणालो. आवाज कुणा दुसऱ्याच माणसाचा निघाला.

"आई!" मागून खारूताई ओरडली. "मी राक्षस आहे! हिक्! आणि बाबा रडतोय! आम्ही दवाखान्यात चाललोय!"

मग बायको फक्त एवढंच म्हणाली, "कुठल्या?"

दवाखान्यात ही गर्दी! खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "काय होतंय?" मी दाखवायला म्हणून डब्याचं झाकण काढलं. घाईघाईत डबा हातातून सुटला आणि सगळी बटणं फरशीवर नाचत पांगली. बाकांखाली, खुर्च्यांखाली, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या प्लॅस्टरखाली.

"एकही हरवू नका! मोजलेली आहेत!" मी किंचाळलो.

अर्धा दवाखाना ओणवा झाला. पोट धरून बसलेली माणसं पोट सोडून बटणं गोळा करायला लागली. एवढ्यात एक बाई ओरडली, "अहो, आमच्या पिंट्यानं तोंडात घातलं!" वॉर्डबॉयनं झेप घेऊन पिंट्याच्या तोंडातून पांढरं बटण काढलं. पिंट्यानं भोकाड पसरलं. मग जमलेल्या प्रत्येक आईनं आपापल्या पोराचे जबडे उघडून पाहिले. आणि त्या सगळ्या जणी एकदमच वळून माझ्याकडे पाहायला लागल्या.

"आत या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्याच वयाच्या होत्या. त्यांनी खारूताईच्या छातीला नळी लावली, पोट दाबलं, घसा पाहिला.

"बाळ, तू काय गिळलंस?"

"बटण."

"नक्की?"

खारूताईनं माझ्याकडे पाहिलं. "नक्की."

"एक्स-रे काढा ना डॉक्टर!" मी म्हणालो.

"प्लॅस्टिक आहे. एक्स-रेत बहुतेक दिसणारच नाही. पोटात गेलं असेल तर आपोआप बाहेर येईल. पण ही एवढ्या खात्रीनं सांगतेय आणि उचकीही थांबत नाही. अन्ननलिकेत अडकलं असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. दुर्बीण घालून बघू."

"म्हणजे?"

"घशातून. छोटीशी भूल द्यावी लागेल. घाबरू नका. इथे सही करा."

'घाबरू नका' हे वाक्य जगात आजवर घाबरलेल्या माणसाशिवाय कुणालाही कुणी सांगितलेलं नाही. नर्स खारूताईला दवाखान्याचा हिरवा अंगरखा घालत होती. तो तिला इतका मोठा होता की त्यातून नुसती मान आणि पायाची बोटं दिसत होती. तिनं विचारलं, "बाबा, तू पण आत येणार ना?" मी हो म्हणालो. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हणून मान हलवली. तिनं दोघांकडे पाहिलं आणि प्रथमच तिचा खालचा ओठ बाहेर आला.

मी पेन उचललं. माझी सही मला आठवेना. खरंच आठवेना! पहिलं अक्षर काढलं आणि पुढे हात चालेना. त्या कागदावर असं लिहिलं होतं की भुलीचे धोके मला समजले आहेत. मला एकच समजलं होतं. सकाळी माझ्याकडे एक धडधाकट पोर होतं आणि मी त्याला वजाबाकी शिकवायला बसलो होतो.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि बायको आत आली. तिनं आधी लेकीला जवळ घेतलं, तिच्या गालांवरून अंगठे फिरवले आणि मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण तिनं ऑफिसातला चष्मा चढवला.

"किती कमी आहेत?"

"एक."

"कितीतून?"

"शंभरातून."

"शंभर कुणी मोजली?"

"मी मोजली. दोनदा. नव्व्याण्णव."

"ती नंतर. आधी? आरंभीची शिल्लक कुणी मोजली?"

"मी ताईकडे शंभर मागितली होती." डॉक्टरीणबाईंनी नळी कानांतून काढली.

बायको लेकीसमोर खाली बसली. "राक्षसबाई, इकडे बघ. तू बटण खाल्लंस?"

"खरं सांगू की बरोबर सांगू?"

"खरं सांग."

"नाही खाल्लं." तिचे डोळे भरून आले. "बाबा सारखा म्हणाला, शंभर आलेच पाहिजेत. मी किती वेळा मोजलं! ते येईचनात. मग मी म्हटलं खाल्लं. मग आले ना शंभर."

"आणि निळं का म्हणालीस?"

"त्यानं विचारलं, कुठलं."

रडण्यामुळे असेल, पण खारूताईची उचकी थांबली होती.

"हे सगळं ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मघाशी ती तितक्याच खात्रीनं हो म्हणाली होती. बटण गेलं कुठे, ते कळल्याशिवाय मी तिला घरी कशी सोडू?"

बायकोनं माझा फोन ओढून घेतला, ताईला लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून शिवणयंत्राची खडखड ऐकू आली.

"ताई, तुम्ही बटणं दिलीत ना, ती किती मोजून दिली होतीत?"

यंत्र थांबलं.

"मोजून?" ताई म्हणाली. "बटणं कुणी मोजतं का गं? डबा भरला आणि झाकण लावलं."