चंपालालशेठ देतील ते पुस्तक

मस्तगडच्या वाचनालयात चंपालालशेठ होते तोवर मागितलेलं पुस्तक कुणालाही मिळालं नाही. पुस्तक कपाटात असायचं, पण शेठ ते द्यायचेच नाहीत. आधी माणसाला स्टुलावर बसवायचे, चष्म्यावरून न्याहाळायचे, "झोप बराबर लागते?" असं विचारायचे आणि मग उठून भलतंच काहीतरी काढून आणायचे.

घरचा धंदा कापडाचा. शेठ दुकानात बसले की धोतर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला काय वाचावं ते सांगत बसायचे. शेवटी भावांनीच हात जोडून त्यांना वाचनालयात पाठवलं. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. शेठ उर्दू शाळेत शिकलेले. मराठी वाचायला शिकले ते मोठेपणी, त्यामुळे पुस्तकांचं नवल त्यांना आमच्यापेक्षा जास्त.

एक वकील रहस्यकथा मागायला आले. त्यांच्या हाती मधमाश्यांवरचं पुस्तक पडलं. "दिवसभर खून-चोऱ्याच ऐकून राह्यले तुम्ही. जरा माश्या पाहा. त्यांच्यात कोर्ट न्हाई." वकील चिडून गेले आणि आठवड्याने राणीमाशीबद्दल शंका विचारायला परत आले. तालमीतल्या पैलवानाला व्यायामाचं पुस्तक हवं होतं. "अंग तर झालं बिलकुल तयार," म्हणत शेठनी त्याला कविता दिल्या. वडीगोद्रीचा एक शेतकरी कपाशीवरच्या किडीची माहिती मागत होता. त्याला सागरप्रवासाचं वर्णन मिळालं. "कापूस रोजच पाहून राह्यले. समुद्र पाह्यला का कधी?" पुढच्या खेपेला तो कापसाची गाडी बाजारात उभी करून थेट आला आणि दुसरा भाग मागू लागला.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. दर शनिवारी वाचनालयात जायचे, कादंबरी मागायचे आणि कधी ग्रहताऱ्यांचं, कधी लोणच्यांचं पुस्तक घेऊन यायचे.

त्या वर्षी माझी आठ महिन्यांची मुलगी तापाने गेली. शाळा सुटली, वाचनालय सुटलं. भेटायला येणारे पोथ्या आणून द्यायचे. त्यांचा ढीग कोनाड्यात तसाच पडून होता.

एका दुपारी शेठ दारात उभे राहिले. आत आले नाहीत, सांत्वनाचं बोलले नाहीत. बगलेतलं पुस्तक पुढे केलं. विहीर कशी खणावी, यावरचं.

"शेठजी, मला काय करायचंय हे?"

"वाचा तर, बाई. यात कोणी मरत न्हाई. आन् शेवटी पाणी लागतं."

आले तसे निघून गेले.

मी वाचलं. माती, मुरूम, खडक, सुरुंग. चार दिवस डोक्यात दुसरं काही आलं नाही. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या कागदावर घेणाऱ्यांची नावं लिहायची पद्धत होती. त्यावर अकरा नावं होती आणि अकराही वेळा एकच: चंपालाल.

पुस्तक परत करायला गेले तेव्हा तो कागद मी त्यांच्यासमोर उघडून धरला.

"लेक होती," ते म्हणाले. "नऊ वर्षांची. देवी निघाल्त्या तिला. लोकं येऊन आत्मा अमर आहे म्हणायचे. मला ऐकवायचं न्हाई. मंग हे हाताला लागलं. संपलं की पहिल्या पानापासून परत."

मी सवयीने विचारलं, "आता यानंतर काय वाचू?"

शेठ उठले नाहीत.

"ते मला सापडलंच न्हाई, बाई."

मीच उठले. कपाटं धुंडाळून सर्कशीतल्या एका बाईच्या आठवणींचं पातळसं पुस्तक काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "हे आधी तुम्ही वाचा. मग मला सांगा."

त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं. "मला आजपावेतो कोणी पुस्तक काढून दिलं न्हाई," एवढंच म्हणाले. नाव लिहायला टाक उचलला. तो त्यांच्या हातातून घेऊन त्यांचं नाव मीच लिहिलं.