खाजामियाँची दुनळी

निवडणूक जाहीर झाली आणि लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करा, असा कागद मुज्तबा मास्तरांच्या घरी आला. सगळ्यात जास्त आनंद त्यांच्या बायकोला, अख्तरीबींना झाला. लातुरात सीईटीच्या क्लासला आलेल्या मुली त्यांच्या वरच्या खोल्यांत राहत, आणि कपाटातल्या दुनळीबद्दल प्रत्येकीची आई हटकून विचारी.

"देऊन टाका जी. परत बी नका आणू."

"अगं, बंदूक न्हाई ती, माझ्या आजोबांची सही हाय!"

यात खोटं काही नव्हतं. आजोबा खाजामियाँ निजामाच्या राज्यात नांदेडला बंदुका दुरुस्त करत, एवढंच जग मानत होतं. ते बंदुका घडवतही, हे एकट्या मास्तरांचं म्हणणं. जुन्या बंदुका बघत मास्तर हदगाव, किनवट पालथं घालून आले. जिथे तिथे विलायती कंपनीचंच नाव. शेवटी भूकंपानंतर किल्लारीच्या व्यंकटरावांनी पडलेल्या घरातून निघालेली दुनळी दाखवली. नळीखाली नंबर होता आणि उर्दूत कोरलं होतं, 'बनवणार खाजा, नांदेड'. मास्तर तिथेच मातीत बसून रडले. ज्याचं घर गेलं त्याच्यासमोर आपण बंदुकीसाठी रडलो, याची लाज त्यांना अजून वाटते. व्यंकटरावांनी मात्र बंदूक रीतसर त्यांच्या नावावर करून दिली.

त्याला सोळा वर्षं झाली. आता कुठे हैदराबादच्या एका संग्रहालयाचे साहेब निकालानंतर येऊन ती अक्षरं बघायला कबूल झाले होते. त्यांनी मान डोलावली की खाजामियाँ कारागीर म्हणून नोंदले जाणार होते.

ठाण्यात बंदूक घेतली ती हवालदार मलप्पाने. हा मास्तरांचाच जुना विद्यार्थी.

"सर, काळजी सोडा. जिवापाड जपतो."

त्याने जपली. आचारसंहितेतच दसरा आला आणि ठाण्यात शस्त्रपूजा ठरली. बाकीच्या बंदुकांवरून मलप्पाने नुसतं फडकं फिरवलं. सरांच्या बंदुकीला मात्र त्याने दोन दिवस दिले.

निकाल लागल्यावर मास्तर अख्तरीबींना घेऊन ठाण्यात गेले. मलप्पाने चकाकती दुनळी दोन्ही हातांनी पुढे केली.

"वळखा बरं सर!"

मास्तरांनी नळी उलटी केली. खाली नुसतं गुळगुळीत लोखंड होतं.

"इथं कोरलेलं होतं, मलप्पा."

"ते व्हय? मला वाटलं, कुणी खिळ्यानं खरवडलंय. लई खोल होतं बगा. चार पॉलिश पेपर लागले!"

आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांना विद्यार्थ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि तो नेमका वर्दीत होता. ते नुसतेच ओरडले. "माझ्या आजोबांनी घडवलेली बंदूक होती रे!"

आरडाओरडा ऐकून फौजदार आनंदराज बाहेर आले. त्यांनी लायसन बघितलं, बंदूक बघितली.

"नंबर कुठाय?"

"तुमच्या हवालदारानं घासला."

"मी निस्तं तेल लावलं साहेब," मलप्पा म्हणाला. त्याने मास्तरांकडे बघितलं नाही.

"मास्तर, नंबर खोडलेली बंदूक म्हंजे गुन्हा. तुमची हाय म्हणालात, तर तुम्हाला आत घ्यावं लागतंय. न्हाई म्हणालात, तर बेवारस दाखवतो. पावती, लायसन इथं ठेवा अन् घरी जा."

"माझीच हाय ती!"

"लिहून द्या जी," अख्तरीबी रडकुंडीला आल्या. "पोलीस घरी आले, तर वरची एक बी पोरगी राहायची न्हाई."

मास्तरांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'सदर बंदूक माझी नाही.'

फौजदारांनी वाचलं. "आत्ता आजोबांचं नाव घेतलंत, चार जणांनी ऐकलंय. बिनपरवाना कारखान्याचं लचांड नको. ते बी लिहा."

मास्तरांनी कागद परत मागून घेतला. मग त्यांनी लिहिलं, 'माझे आजोबा खाजामियाँ, राहणार नांदेड, यांनी आयुष्यात एकही बंदूक बनवली नाही.' साक्षीदार म्हणून मलप्पाने सही केली.

फौजदारांनी खाली गोल शिक्का मारला. खाजामियाँविषयीची ती पहिली सरकारी नोंद.