वरचा आणि खालचा

मोताळ्यात खोली घेतली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी घरमालकांना फोनवर माझी बदनामी करताना मी ऐकले. मी वरच्या मजल्यावर, ते खाली. जिन्यात पाय ठेवला तोच आवाज आला, "वरचा आज लय चढेल हाय. खालचा बरा हाय बिचारा. वरचा गोळीनं उतरते का पाहतो, नाही तं डॉक्टरले दाखवतो."

मी दारूला शिवत नाही. आमच्या पिंपळगाव राजाच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. पंचायत समितीत लिपिक म्हणून लागलो तेही स्वतःच्या मार्कांवर. असले बोलणे मी ऐकून घेत नाही. तसाच आत गेलो आणि विचारले, "नाना, कोण चढेल हाय?"

नानांच्या दंडाला काळा पट्टा गुंडाळलेला होता आणि समोर बीपी मोजायचे मशीन. त्यांनी फोन कानापासून दूर धरला नि म्हणाले, "मीच."

बीपीचे दोन आकडे असतात, एक वरचा नि एक खालचा, हे मला त्या दिवशी कळले. बी.ए.ला हे नव्हते.

तुळशीराम नाना लाइनमन म्हणून रिटायर झालेले. गावातल्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे डीपी म्हणतात. "जिंदगीभर डीपी सांभाळली, आता बीपी सांभाळून राह्यलो," हे नाना प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत आणि त्याला हसायला वेळही देत. सगळे शरीर त्यांना खांब आणि तारांसारखेच दिसे. "मीठ म्हणजे आकडा टाकून चोरलेली लाइन बे. दिवा लागते, पण डीपी जळते." पापड म्हणजे शॉर्टसर्किट. शेजारचा माणूस नालीवरून भांडायला आला, तर नाना दारातच हात वर करून सांगत, "माह्यावर लोड टाकू नको. मी ट्रिप होईन." तो माणूस बिचारा घरी जाऊन बायकोशी भांडे.

बिनमिठाची दुधीची भाजी, वर लिंबू पिळलेले, सोबत ज्वारीची भाकर. रोहिणखेडच्या एका लग्नात सगळी पंगत वरण-बट्टीवर तूप ओतून घेत असताना नानांनी पिशवीतून हा डबा काढला. मुलीचे वडील धावत आले, हात जोडून विचारू लागले, "आमचं काई चुकलं का नाना?" नाना म्हणाले, "तुमचं काईच चुकलं नाही. माही लाइन येगळी हाय." त्या माणसाला ते लग्न पार पडेपर्यंत समजले नसावे.

योगासने गच्चीवर, म्हणजे माझ्या डोक्यावर. ताडासन, वज्रासन नीट चाले. शवासन मात्र गल्लीत गाजलेले, कारण भाजीवाली नेमकी तेव्हाच यायची. नाना पडल्यापडल्या वरून ओरडत, "शवासनात हाय मी. मेलेला माणूस भाव करत नाही." मग, "दोडके कसे देले वो?"

"मेलेल्याले कायले पायजेत दोडके?" भाजीवाली खालून म्हणे.

काकू, म्हणजे नानांची बायको, मी राहायला आल्यावर थोड्याच दिवसांनी पुण्याला लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या. लेक नोकरीवाली, त्यामुळे बाळंतपण संपले तरी नातू सांभाळायला तिथेच राहिल्या. जाण्याआधी त्यांनी सवयीप्रमाणे कैरीचे लोणचे घातले होते. ती बरणी नानांनी माझ्या खोलीत आणून ठेवली. "माह्यापाशी राह्यली तं हात जाईन."

हात गेला नाही, पण पाय येत. मी जेवायला बसलो की नाना जिना चढून येत आणि समोर बसत. "लोणचं घे न. मोठी फोड घे. आता सांग, मीठ बरोबर हाय?"

"बरोबर हाय."

"तिचा हात चुकत नाही." एवढे बोलून माझे जेवण होईपर्यंत ते तिथेच बसून राहत. कोणी ताटाकडे पाहत बसलेले मला आवडत नाही. पण हळूहळू मी भूक नसली तरी एक फोड घेऊ लागलो.

काकू जायला तयार नव्हत्या, हे नानांनीच मला एकदा सांगितले. "तुमचा बीपी हालला का मी परत येईन," या अटीवर त्या गाडीत बसल्या. रोज सकाळी फोन करून त्या आकडे विचारत. गावाला वाटते, नानांनी तब्येतीसाठी मीठ सोडले. मलाही तसेच वाटत होते.

यंदा दिवाळीला काकू कायमच्या परत येणार होत्या. नानांनी घराला चुना मारून घेतला. आणि लेकीने कळवले, नातवासाठी ठरवलेली बाई ऐनवेळी नाही म्हणाली, आई अजून वर्षभर राहिली तर बरे. काकूंनी फोनवर सांगितले, "उद्या मोजून सांगा. जागेवर असला तं राहतो, नसला तं येतो."

दुसऱ्या दिवशी नानांनी मला खाली बोलावले. मोजून झाले होते. दोन्ही आकडे डॉक्टरला दाखवावे इतके चांगले.

"गोपाल, जरासा वाढवून सांगितला तं?"

"सांगा न. तिकडून कोणाले दिसते?"

नाना मशीनकडे पाहत राहिले. "एवढं जागेवर आणलं ते मीच," ते म्हणाले. "कायले आणलं बे मी?"

तेवढ्यात फोन वाजला. नानांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. तिकडे कुकरची शिट्टी झाली, मग काकूंचा आवाज आला. "हां, सांगा."

नानांनी माझ्याकडे पाहिले. मी दाराबाहेर पाहू लागलो.

"जागेवर हायेत," नाना म्हणाले. "दोघंबी."

मग काकू हळू म्हणाल्या, "परत एकदा मोजून पाहा न."

"आत्ताच मोजला."

"तरी मोजा. मशीनचं काय सांगता येते."

"बरं. मोजतो."

"मोजतानी बोलू नका."

"नाही बोलत. तूबी बोलू नको. फोन ठेवू नको फक्त."

नानांनी पट्टा नीट केला, तळहात वर करून हात टेबलावर ठेवला आणि डोळे मिटले. तिकडे नातू काहीतरी बडबडला, काकूंनी त्याला गप्प केले. कोणीतरी नळाखाली भांडे धरले. आमच्या खोलीत काहीच आवाज नव्हता. मोजायला इतका वेळ लागत नाही म्हणून मी वाकून पाहिले. नानांनी बटण दाबलेच नव्हते.

पट्टा फुगताना ते मशीन घरघरते, हे काकूंना माझ्याहून जास्त ठाऊक होते. त्यांनी किती आला ते विचारले नाही.