सुभेदारांचा शक

सुभेदार आबांच्या घरातून बाहेर पडताना खिसे उलटे करून दाखवावे लागतात. पाहुणा कोण आहे, याला काही महत्त्व नाही. एकदा पुण्याहून त्यांचे जावई आले होते. निघताना आबांनी त्यांनाही दारात थांबवलं. जावयाच्या खिशातून रुमालाबरोबर तंबाखूची पुडी खाली पडली आणि इतकी वर्षं सासूसमोर जपलेली अब्रू तिथंच गेली. आबांनी पुडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"ह्येचं काय न्हाई," ते म्हणाले. "नट-बोल्ट न्हाई न्हवं एखादा?"

मी त्यांच्या समोरच्या घरात शिवणकाम करते. मला खिसे नाहीत, म्हणून माझी पिशवी तपासली जाते. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला माझ्याजवळ एक लोहचुंबक असतो. पहिल्याच भेटीत आबांनी तो हेरला.

"सुमन, ह्यो भाईर ठिवायचा आन् मग आत यायचं. शक हाय मला."

"आवं आबा, माझ्यावर?"

"तुज्यावर न्हाई, चुंबकावर."

'शक हाय मला' हे त्यांचं रोजचं वाक्य. दूधवाल्यानं माप नीट घातलं तरी शक, कारण आजच का नीट घातलं? शेजारच्या बोक्यावर तर त्यांचा कायमचाच शक. फौजेत त्यांचा सगळा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला. तिथं एक पाना हरवला की सगळ्यांना रांगेत उभं करायचे म्हणे. इस्लामपुरात आमच्या गल्लीला रांग लावता येत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

हे सगळं ज्या गाडीपायी, ती आली साताऱ्याहून. तिथल्या एका जुन्या बंगल्याच्या शेडमध्ये ती पडून होती. दोन माणसांची, बिनछपराची, लाल विलायती स्पोर्ट्स कार. कुणा मिस्त्रीनं दुरुस्तीसाठी ती पार खोलली आणि तशीच टाकून तो गेला, तो परत आलाच नाही. आबांनी ती घेतली आणि टेम्पोतून आणली. आम्ही सगळे गाडी बघायला धावलो, तर टेम्पोतून उतरली पोती. एका पोत्यात इंजिनाचे तुकडे, दुसऱ्यात दिवे आणि दांडे. एक दार तेवढं अखंड होतं. गल्लीतल्या एकानं विचारलं, "आबा, गाडी कुठाय?"

"ह्यीच गाडी. फकस्त उभी ऱ्हायची हाय."

ती उभी राहायला लागली आणि कळलं, की अर्धं सामान नाहीच. आबांचा शक आधी साताऱ्याच्या मिस्त्रीवर, मग टेम्पोवाल्यावर गेला. जे मिळत नव्हतं ते सांगलीच्या एका लेथवाल्याकडून बनवून घ्यायचं ठरलं. मला कापड आणायला जायचंच होतं, म्हणून एकदा मी त्यांच्याबरोबर एसटीनं गेले. नमुन्याचा भाग त्यांनी पंच्यात बांधून मांडीवर धरला होता, आणि शेजारी कुणी बसलं की तो दुसऱ्या मांडीवर जायचा. लेथवाला म्हणाला, "ठेवून जावा, उद्या या." आबा तिथंच स्टुलावर बसले. माप घेतानासुद्धा नमुना त्यांनी हातातून सोडला नाही. लेथवाला त्यांच्या मुठीभोवती फिरून माप घेत होता.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मागच्या दिवाळीच्या आसपास मात्र बनवून आणलेलं सामानही खरंच नाहीसं व्हायला लागलं. आज दिव्याची रिंग, चार दिवसांनी कार्बोरेटर. रेडिएटरचं नवंकोरं पितळी टोपण तर एका दुपारीत गेलं. आबा अंगणात उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "कुनीतरी हाय! नजर हाय माजी!"

शक हा असा प्रकार आहे, की शेजारी पसरायला वेळ लागत नाही. लोक एकमेकांच्या पिशव्यांकडे बघायला लागले. माझ्या नवऱ्यानं घरात जुना स्टोव्ह दुरुस्तीला काढला, तर त्यातलं पितळ बघून मीच दचकले आणि विचारलं, "हे कुठनं आणलंत?" दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

शेवटी सगळ्यांचं बोट दगडूकडे वळलं. दगडू म्हणजे आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणारा भंगारवाला. एका सकाळी चार-पाच जणांनी त्याची गाडी अडवली, भंगार रस्त्यावर ओतलं. त्यात पितळेचा एक नळ निघाला, तेवढ्यावर त्याची कॉलर धरली. "चल पोलिसात!" दगडू रडकुंडीला येऊन शपथा घेत होता. गलका ऐकून आबा बाहेर आले. मला वाटलं, आता ते त्याला सोडत नाहीत.

"सोडा त्याला," आबा म्हणाले. "त्यानं न्हाई घेतलं."

"मग कुनी घेतलं?"

"म्याच ठिवलंय कुटंतरी. ध्यानात ऱ्हात न्हाई आताशा. माझंच डोस्कं गेलंय."

लोक हसले. म्हातारा भ्रमला, म्हणत पांगले. आबांनी खाली बसून दगडूचं भंगार स्वतः गोळा करून दिलं. "चुकलं गड्या," म्हणाले. तरी दगडू गल्लीत यायचा थांबला, तेव्हा आबा त्याच्या शेडवर जाऊन त्याला घेऊन आले.

पण मला काही ते पटेना. ज्या माणसाला वॉशर न् वॉशर पाठ, तो कार्बोरेटर विसरतो? आता मला आबांचाच शक यायला लागला.

गाडीच्या सीटची कव्हरं मी शिवत होते. माप पुन्हा घ्यायला एका दुपारी गेले, तर अंगणात कुणी नव्हतं. मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. काकी, म्हणजे आबांच्या मंडळी, ज्वारीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून उभ्या होत्या. हातातलं काहीतरी पिवळं चमकलं आणि ज्वारीत गेलं.

"काकी, काय करताय?"

"हळू बोल," त्या कुजबुजल्या. "गाडी झाली की ह्ये जात्यात परत पल्टनीत. रजा संपत आलीया."

आबांना फौज सोडून कितीतरी वर्षं झाली होती. मी काही बोलणार, तोच मागे चाहूल लागली. आबा दारात होते. त्यांनी मला खुणेनंच बाहेर बोलावलं.

"तुम्हाला ठाऊक हाय?"

"पहिल्या रिंगपासनं."

"मग सगळ्या गल्लीवर कशाला ओरडत होतात?"

"सामान जातंय हे लोकांस्नी दिसत हुतं, सुमन. म्या गप बसलो असतो, तर इचारलं असतं, घरात दुसरं कोन असतं? माज्यावर हसू देत, मला काय त्याचं. तिच्यावर कुनी हसल्यालं मला सोसायचं न्हाई." मग खालच्या आवाजात म्हणाले, "दगडूपत्तुर जाईल असं वाटलं न्हवतं."

"पिंपातलं काढून का घेत नाही?"

"काढलं की भेती. दाराशी बसून ऱ्हाती, माजी वाट अडवून. म्हनून दुसरं करून आनतो सांगलीस्नं. त्यो लेथवाला आता माझ्याकडं शकानं बघतोय."

कव्हरं तयार झाली तेव्हा मी ती बसवायला गेले. गाडी अजून विटांवरच होती. आबांनी काकींना हाताला धरून आणलं, सीटवर बसवलं आणि स्वतः पलीकडच्या सीटवर बसले. काकींनी त्यांची बाही मुठीत घट्ट धरली.

"आजच निघायचं व्हय?"

"न्हाई गं. सायबाचा निरोप आलाय. रजा वाढली."

"किती?"

"लय वाढली."

काकींची मूठ सैल झाली. त्या "बरं झालं, वांगी चिरते," असं म्हणत उतरल्या आणि आत गेल्या.

"उद्या परत इचारंल," आबा म्हणाले, आणि गाडीचं दार हळूच लावून काकींच्या मागोमाग आत गेले.