उपासातला पिझ्झा

आज तरुणांची सभा भरली नाही, तर इजिप्तमधल्या मिन्या शहराचे बिशप ती बंद करून चर्चचा हॉल गोदामाला देणार होते. पण पाद्री सराबामून, म्हणजे सगळ्यांचे अबूना, यांच्या अंगात वारं शिरलं होतं. रंगीत दिवे लागले, धुराचं यंत्र फुसफुसू लागलं, आणि काळ्या झग्याखाली त्यांनी चक्क पांढरे बूट चढवले.

"कसा दिसतोय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अहो, लग्नातल्या बँडवाल्यासारखे!"

"तरुणांना हेच आवडतं. तू बघच!"

सहाला पंचवीस मुलंमुली आली आणि भिंतीला चिकटून बसली. अबूनांनी मोठ्या झोकात पिझ्झाचे खोके उघडले. चीजचा घमघमाट सुटला, पण एकही हात पुढे आला नाही.

"घ्या ना रे! लाजताय काय?"

"अबूना," इंजिनियरिंगची वेरेना हळूच म्हणाली, "मोठा उपास चालू आहे. दूध-लोणी-चीज बंद. रविवारी तुम्हीच तासभर झापलंत की आम्हाला."

अबूनांचा चेहरा खर्रकन उतरला. दुकानदाराला 'उपासाचा पिझ्झा', म्हणजे बिनचीजचा, असं सांगायचं उत्साहाच्या भरात राहूनच गेलं होतं.

"असू दे, अबूना. कुणी खाल्ला तर नाही ना!" वेरेनानं समजूत घातली.

इथे अबूना गप्प बसले असते तर निभावलं असतं.

"एकानं खाल्लाय," अबूना दाढी कुरवाळत म्हणाले. "मीच. अर्धा तुकडा गरम आहे का बघायला. आणि पुढचा अख्खा... चांगला लागला म्हणून."

हॉल हसून हसून दणाणला.

"अबूना, मी तर पहिल्या दिवसापासून खातोय!" मागून तादरोस ओरडला. "तुमच्या धाकानं पापांची कबुली द्यायला येत नव्हतो. आत्ता ऐकता?"

"ए, माझा नंबर आधी!"

"चल हट, मी दोन वर्षं आलेलो नाही!"

अबूनांनी धूर बंद केला, कोपऱ्यात खुर्ची ओढली आणि एकेकाचं ऐकायला बसले. त्यांना रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

सभा भरली का ते बघायला बिशप आले तेव्हा रांग दारापर्यंत पोचली होती. ते थक्कच झाले. "सराबामून, केलंस तरी काय?"

"सय्यदना," अबूनांनी बिशपांना मानानं हाक मारली, "उपासात चीज खाल्लं. आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं."

"किती?"

"दीड तुकडा."

"एवढंच?" बिशपांनी सुटकेचा श्वास सोडला आणि झगा सावरत रांगेच्या शेवटी वेरेनाच्या मागे जाऊन उभे राहिले.

वेरेना दचकली. "सय्यदना, तुम्ही पुढे जा ना!"

"नको पोरी, तूच जा," बिशप म्हणाले. "माझं जरा लांबेल."