ढाकणे बाई आणि गुलाबी पापणी

ढाकणे बाई माणसाच्या डोळ्यांत बघत नाहीत, डोळ्यांच्या खाली बघतात. समोर कोणीही येवो, "इकडं या," म्हणत अंगठ्यानं खालची पापणी ओढणार आणि आतला रंग पाहून निकाल देणार. "पांढरीफटक! अंगात रक्त नाही. काय खाता, खडू?"

शिरूर कासारजवळच्या आमच्या शाळेत मी त्यांच्या शेजारचा वर्ग घेते. तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. "रजिस्टर नंतर. आधी पापणी." साहेबांनी मुकाट्यानं मान वर केली. "भाजी टाकून उठता तुम्ही," बाईंनी ठणकावलं, आणि साहेब चक्क ओशाळले.

मुलांसाठी त्यांचा एकच कायदा: डब्यात तीन रंग. बाजरीची भाकरी, तांदुळजाची भाजी, टोमॅटोची चटणी, झाला डबा पास. एकदा रोहिदासनं दुकानातल्या तळलेल्या रंगीत नळ्या आणल्या. "बाई, चार रंग हायेत!" बाईंनी त्या पाण्यात भिजवल्या, ते रंगीत पाणी वर्गभर फिरवलं आणि कायदा दुरुस्त केला: "मातीतून आलेले तीन रंग." दुसऱ्या दिवशी रोहिदास गाजर घेऊन हजर, न धुतलेलं. "माती बी आनली बाई, तुमी न्हाई म्हनाल म्हनून."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. बाईंनी मात्र हात धुण्याचा धडा तिथल्या तिथं उरकून घेतला.

त्यांचा खरा जीव अडकला होता चौथीतल्या रुक्मिणीत. जूनमध्ये ती प्रार्थनेलाच चक्कर येऊन पडली. दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, आणि बाईंनी घरी जाऊन शेवग्याचा पाला, मटकीची उसळ, गूळ-शेंगदाणे हा पाठ तिच्या आईकडून घोकून घेतला. दिवाळीपर्यंत पापणी गुलाबी झाली. बाई ती साऱ्या शाळेला दाखवत फिरल्या.

दिवाळी सरली आणि रुक्मिणीचे आईबाप ऊसतोडीला निघाले. दरवर्षी पोरगी मावशीकडं राहायची. यंदा मावशीही तोडीला चालली होती. म्हणजे शाळा बुडणार, आणि फडावर पोटात जाईल ते जाईल. बाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या.

"पोरीला इथंच ठेवा. माझ्याकडं राहील."

रुक्मिणीची आई पोत्यात भांडी भरत होती. ती अदबीनंच म्हणाली, "बाई, तुमचा शबूद आमी मोडत न्हाई. पन तुमच्या घरी चूल पेटती का? रातच्याला चहात खारी बुडवून निजता तुमी, साऱ्या गावाला ठाव हाय. माझी लेक काय खाईल?"

एकटीसाठी कुठं स्वयंपाकाचा घाट घालायचा, असं बाई मला मागं एकदा म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं होतं. आता माझीच मला लाज वाटली.

"दोन दिवस द्या," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी बाई माझ्या परातीसमोर बसल्या. पहिल्या भाकरीचे तीन तुकडे झाले, दुसरी करपली, पाचवी फुगली. तिसऱ्या दिवशी रुक्मिणीच्या आईनं त्यांच्या हातची भाकरी मोडून चाखली, थोडा वेळ चावत राहिली, आणि लेकीची कपड्यांची पिशवी ट्रॅक्टरमधून खाली उतरवली.

ट्रॅक्टर गेला. रुक्मिणी रडत होती. बाईंनी एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्या हातात तिचा हात, आणि चालू लागल्या. चार पावलांवर थांबून त्यांनी मला हळूच विचारलं,

"दोघींना पीठ किती घ्यायचं हो?"