शिट्टीस उशीर जाहला त्याची हकिकत

श्रीमैदानदेवता समर्थ. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सर, अधिक ज्येष्ठ मास. ते समयी आमचे जावई राजमान्य राजश्री तुषारराव बहुत वाईट वागले, ते येणेप्रमाणे.

जावई अधिक मासाचे मानास सासुरवाडीस आले आणि आम्ही पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, ऐसा सरंजाम केला, आणि स्वारी ढेकर देऊन जी उठली ती थेट आमचेच राज्यात कबड्डीचे पंच होऊन उभी राहिली. नेमिले पंच तापाने निजले होते आणि नियम जाणणारा दुसरा कोणी नव्हता, मग करता काय. समोर नदीपलीकडील राज्याची फौज, सगळ्या बायकाच, सेनापती गोदाक्का, दंड कसले, जात्याच्या पाळ्या. आमचेकडून आमची धाकटी सून हर्षदाबाई. ही चढाईस गेली म्हणजे आत्ता इथे आणि आत्ता तिथे, आणि धरावी तर पाल जैसी शेपटी हाती देऊन पसार होते तैसी पसार होई, आणि आमचे राज्यातील म्हाताऱ्यादेखील उभ्या राहून शिट्ट्या वाजवीत, आम्हीही वाजविली.

परंतु जावयांचा न्याय पाहावा. पलीकडच्या कमळजाबाई चढाईस येत, दोन पावले टाकीत आणि देवळाच्या खांबासारख्या उभ्या राहत, आणि कोणी कवळ घातली की शिट्टी तत्काळ वाजे आणि आमच्या पोरी हात सोडून बाजूस होत आणि बाई केस न विस्कटता परत जात. आणि हर्षदेस एकीने घोटा धरिला, दुसरीने कंबर धरिली, पोर जागची हलेना, तरी जावई शिट्टी ओठांत धरून दूध उतू जाते की काय ऐसे बघत उभे. मग केव्हातरी शिट्टी वाजली, आणि वाजल्यावर गोदाक्का लांबून धावत येऊन सबंध अंगाने तिजवर पडल्या. ताकिदीचे कार्ड काही जावयांचे खिशातून निघाले नाही. ऐसे पुन्हा जाहले, आणि खांदा सुजला.

मग मध्यंतर जाहले आणि पोर खांदा धरून आम्हापाशी बसली आणि बोलली, "आत्याबाई, आता मी नाही पळायची. कमळजाबाईसारखी जाऊन उभी राहते. धरतील आणि सोडतील."

हे ऐकोन आम्ही मनी म्हटले, हे काही खरे नव्हे. हार-जीत होतच असते, परंतु ही पळायची राहिली तर राज्याने बघावे काय. मग आम्ही उठलो. सासूने जावयास तोंडावर बोलू नये हा रिवाज, मग आम्ही पदर डोईवर घेतला, म्हणजे रिवाज जाहला, आणि बोललो, "जावईबापू, शिट्टीत पुरण अडकलं काय?"

"तसं नाही मामी. वहिनी धरल्यावरही सुटतात. मी वाजवली आणि त्या सुटणार असल्या तर?"

"आणि शिट्टीनंतर गोदाक्का वर पडली ते?"

"पळणारीला धरायला जोर लागतो. जोरात आलेलं माणूस एकदम थांबत नाही."

"म्हणजे उभी राहते तिची हाडं, आणि पळते तिचे पापड?"

जावई घाम पुसो लागले. "मामी, लवकर वाजवली तर तुमचंच नुकसान व्हायचं."

"ते आमचं आम्ही बघू. दोघींना एकच शिट्टी. आणि शिट्टीनंतर जी सोडणार नाही तिला कार्ड."

आणि सुनेस आज्ञा केली, "तू पळ. खांब लागले तर आपल्याकडे देऊळ आहे."

मग उत्तरार्धी ऐसे रण माजले की सांगता सोय नाही, आणि गुण बरोबरीस आले आणि शेवटची चढाई हर्षदाबाईंस आली. पोर वाऱ्यासारखी शिरली, एकीस शिवली, दोघी चकविल्या, आणि मधल्या रेघेपासून हातभर अंतरी तिघींनी मिळून गच्च धरिली. तोच शिट्टी वाजली. गोदाक्का धावत निघालीच होती, परंतु जावयांचा हात खिशाकडे गेलेला पाहून तिने टाचा रोविल्या आणि आपल्याच जोराने धुळीत बसली. तिघींनी हात ढिले केले आणि त्याच क्षणी हर्षदेचे बोट रेघेस लागले. शिट्टीनंतर लागले. आणखी एक श्वास जावई थांबते तर राज्य आमचे होते. एका गुणाने गेले.

मग आमचे शिलेदार जावयांस घेरून उभे राहिले आणि सारे आम्हाकडे पाहो लागले. पोर मात्र उठली, धूळ झटकली आणि हसत बोलली, "आत्याबाई, बोटभर राहिलं. अजून जरा जोरात पळायला पाहिजे होतं."

तात्पर्य, राज्य गेले, सून पळती राहिली. मग आम्ही दोन्ही राज्यांसमक्ष पदर मागे सारून बोललो, "जावईबापू, आज तुम्ही आम्हाला हरवलंत, आणि बरोबर हरवलंत. धरली ती धरली. पण हीच शिट्टी पहिल्यापासून वाजती तर पोरीचा खांदा सुजला नसता. तेव्हा घरी चला, आणि तिच्या खांद्याचं तेल चुलीपुढे बसून तुम्ही कढवायचं."